काट्यावरचा पीसी का गोठतो? उपकरणांशी मेसेजनं बोलणारी ऑपरेटिंग सिस्टिम

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या वजनकाट्यांना रात्रंदिवस उसंत नसते. माझं मूळ काम बेळगावात उद्यमबागेत, मशिनला कॉम्प्युटर जोडून देण्याचं. हंगामात काट्यांची कामंही येतात, आणि एक तक्रार सगळीकडून येते. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा आहे, इंडिकेटरवर (काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर) वजन स्वच्छ दिसतंय, पण पीसीचा स्क्रीन गोठलाय. माऊस हलतो, बटण दाबलं जात नाही. बाहेर रांगेतली माणसं ओरडायला लागतात. शोधायला गेलं तर इंडिकेटरची केबल सैल झालेली असते, बाकी काही नाही.

असं का होतं? इंडिकेटर सीरियल पोर्टवरून वजनाचे आकडे सतत पाठवत असतो. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणतो, 'रीड कर.' अक्षरं आलेली नसतील तर सिस्टिम त्या प्रोग्रामला झोपवते आणि आल्यावर उठवते. केबल सुटली की अक्षरं येतच नाहीत. स्क्रीन रंगवणं आणि बटणं ऐकणं हे कामही त्याच थ्रेडकडे (प्रोग्राममधल्या कामाच्या त्याच धाग्याकडे) असेल, तर तेही त्याच्याबरोबर झोपतं.

प्रोग्राम नीट लिहिला नाही असं म्हणून हा विषय मिटवता येईल. पण मला त्याच्या मुळाशी जायचंय. उपकरणाशी बोलताना कोण कुणासाठी थांबतं? आणि उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा प्रोग्राम) मेला तर ते कुणाला कळतं?

आपण रोज वापरतो त्या सिस्टिममध्ये ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पोटात असतो. प्रोग्रामनं 'रीड' म्हटलं की कर्नलमध्ये शिरायचं, तिथून ड्रायव्हरच्या फंक्शनला हाक मारायची, त्यानं पोर्टचे रजिस्टर वाचायचे आणि उत्तर घेऊन बाहेर यायचं. सगळं एकाच घरात, म्हणून लवकर होतं. पण ड्रायव्हरनं एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकवला तरी अख्खा कर्नल पडतो. १९ जुलै २०२४ ला जगभर निळे स्क्रीन आले, विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले, ते आठवत असेल. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचा कर्नलमधला ड्रायव्हर सदोष फाइल वाचताना मेमरीच्या हद्दीबाहेर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख मशिन आडवी झाली.

दुसरी वाट म्हणजे मेसेज पासिंग. इथं ड्रायव्हर ही वर्ड किंवा ब्राउझरसारखीच एक वेगळी प्रोसेस असते, स्वतःच्या मेमरीच्या कुंपणात. प्रोग्रामला पोर्ट वाचायचा असेल तर तो ड्रायव्हरला मेसेज पाठवतो, 'इतकी अक्षरं हवीत.' ड्रायव्हर सवड झाली की मेसेज घेतो, काम करतो, उत्तर पाठवतो. कर्नलकडे मुख्यतः मेसेज पोचवायचं, प्रोसेसना पाळी द्यायची आणि इंटरप्ट (उपकरणानं मारलेली हाक) योग्य जागी कळवायचं एवढंच काम उरतं.

ही कल्पना जुनी आहे, आणि माझ्यासारख्याला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे ती कारखान्याच्या जवळून आली. डेन्मार्कच्या रेग्नेसेंट्रालेन या संस्थेनं आरसी ४००० हा कॉम्प्युटर बनवला, तो पोलंडमधल्या पुलावीच्या खत कारखान्याचं नियंत्रण करण्यासाठी. त्या कॉम्प्युटरसाठी पेर ब्रिंच हॅन्सन यांनी १९६९ मध्ये जी सिस्टिम तयार केली तिच्यात प्रोसेसना बोलण्यासाठी चार क्रिया होत्या: मेसेज पाठव, मेसेजची वाट बघ, उत्तर पाठव, उत्तराची वाट बघ. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की टेपवाचक किंवा प्रिंटर यांच्याशी बोलायलाही ह्याच क्रिया होत्या. उपकरण हीसुद्धा एक प्रोसेसच, फक्त बाहेरची. पलीकडे प्रोग्राम आहे की लोखंड, हे मेसेज पाठवणाऱ्याला बघावं लागत नव्हतं.

आज हे प्रत्यक्षात बघायचं तर क्यूएनएक्स बघा. कॅनडात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेली ही सिस्टिम आज गाड्यांत आणि वैद्यकीय यंत्रांत चालते. तिच्यात सीरियल पोर्ट उघडताना प्रोग्राम आधी विचारतो, 'या नावाचा मालक कोण?' उत्तरात ड्रायव्हर प्रोसेसचा पत्ता मिळतो. पुढचा प्रत्येक 'रीड' आतून एक मेसेज होतो. ड्रायव्हरनं मेसेज उचलेपर्यंत पाठवणारा 'सेंड-ब्लॉक्ड' असतो, उचलल्यावर उत्तर येईपर्यंत 'रिप्लाय-ब्लॉक्ड'. कोण अडकलंय, कुणासाठी, आणि मेसेज पोचला की नाही, हे प्रोसेसच्या यादीत स्पष्ट दिसतं. काट्यावरचा गोठलेला पीसी आणि ही यादी शेजारी ठेवून बघितल्यापासून माझं मत पक्कं आहे: उपकरण जिथं बिघडणारच आहे, तिथं त्याच्याशी मेसेजनं बोलावं.

आपल्या भागातली मुलं मराठी माध्यमातून दहावी करून इंजिनीअरिंगला जातात आणि हा विषय इंग्रजीत घोकून सोडून देतात. म्हणून इथं मराठीत मांडलाय. शंका, विरोध, अनुभव सगळं लिहा.

---

मलप्रभेकाठी

दादा, मी खानापूरचा, फायनल इयरला आहे. आमच्या सिलॅबसमध्ये मेसेज पासिंग 'दोन प्रोसेसमधला संवाद' या धड्यात येतं आणि आय-ओ (उपकरणांशी देवाणघेवाण) हा वेगळाच धडा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे आज पहिल्यांदा वाचलं. एक शंका विचारूलोय. इंटरप्ट तर कुणासाठी थांबत नाही. अक्षर आलं की हार्डवेअर ओरडतं. ड्रायव्हर जर साधी प्रोसेस असेल आणि त्याची पाळी यायची असेल, तर तोवर अक्षर हरवणार नाही का?

---

मार्कंडेयकाठ

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. आधी हिशेब कर. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, साधारण दर मिलिसेकंदाला एक. सीरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमध्ये एकाच अक्षराची जागा होती. पुढचं यायच्या आत ते उचललं नाही तर गेलं. १६५५० चिपमध्ये १६ अक्षरांची रांग आली. '१४ साठली की हाक मार' असं तिला सांगून ठेवता येतं, म्हणजे सलग प्रवाहात सेकंदाला ९६० इंटरप्टच्या जागी सुमारे ७०. मधेच प्रवाह थांबला तर चार अक्षरांएवढा वेळ वाट बघून ती उरलेल्यांसाठीही हाक मारते. तेव्हा ड्रायव्हरला मिलिसेकंदांत मोजता येईल एवढी सवड मिळते, आणि प्रोसेसरच्या दृष्टीनं मिलिसेकंद हा ऐसपैस वेळ आहे.

आता इंटरप्टचं काय होतं ते. तो आधी कर्नलकडेच येतो, दुसरीकडे जाऊ शकत नाही. पण कर्नल त्याचं उपकरणाचं काम करत बसत नाही. तो ड्रायव्हरला एक चिमुकला मेसेज टाकतो. क्यूएनएक्समध्ये त्याला पल्स म्हणतात: एक कोड, सोबत थोडीशी माहिती, आणि उत्तराची अपेक्षा नाही. ड्रायव्हर ज्या दारात ग्राहकांचे मेसेज घेतो त्याच दारात हा पल्सही येतो. त्यामुळे ड्रायव्हरचा सगळा प्रोग्राम म्हणजे एक साधं चक्र: मेसेज घे, कुणाचा आहे बघ, काम कर, पुन्हा दारात उभा राहा. मी असे ड्रायव्हर वाचले आहेत. शिकाऊ मुलाला एका दुपारी समजावा इतका सरळ कोड असतो.

पाळीचाही बंदोबस्त आहे. महत्त्वाच्या प्रोसेसनं मेसेज पाठवला तर ड्रायव्हर तेवढ्या कामापुरता तिचा अग्रक्रम घेतो. नाहीतर मोठ्याचं काम लहान्याच्या रांगेत अडकून पडलं असतं.

---

अनगोळ ते बेंगळूर

मूळचा अनगोळचा, सध्या बेंगळूरला लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो. धागा मनापासून आवडला, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

पहिली गोष्ट खर्चाची. फंक्शनला हाक मारणं म्हणजे काही नॅनोसेकंद. मेसेज म्हणजे कर्नलमध्ये जा, प्रोसेस बदला, डेटा कॉपी करा, ड्रायव्हर चालवा, पुन्हा सगळं उलटं. सीरियल पोर्टला हे परवडतं. सेकंदाला लाखो वाचनं करणाऱ्या डिस्कला हाच खर्च बोचतो. १९८० च्या दशकात कार्नेगी मेलनमध्ये माख हा मायक्रोकर्नल (बरीचशी कामं बाहेरच्या प्रोसेसकडे सोपवणारा कर्नल) झाला, त्याच्या मेसेजच्या मंदपणामुळे ही सगळी कल्पनाच बदनाम झाली. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे टॅनेनबॉम आणि लिनक्सचे टोरवाल्ड्स यांचा जो जाहीर वाद झाला तो याच मुद्द्यावर. टॅनेनबॉम म्हणाले एकसंध कर्नल कालबाह्य आहे. पण रोजच्या सर्व्हरवर आणि फोनवर चाललं ते लिनक्सच.

दुसरी गोष्ट डीएमएची, म्हणजे उपकरणानं स्वतःच मेमरी लिहिण्या-वाचण्याची, आणि ती जास्त गंभीर आहे. ड्रायव्हर वेगळ्या कुंपणात ठेवला म्हणून मेमरी सुरक्षित होत नाही. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर ही उपकरणं स्वतःच मेमरीत लिहितात. ड्रायव्हरनं त्यांना चुकीचा पत्ता दिला तर उपकरण कर्नलवरही लिहील, आणि ड्रायव्हरच्या कुंपणाला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्यासाठी आयओएमएमयू हवं, म्हणजे उपकरणाच्या प्रत्येक पत्त्याची तपासणी करणारं हार्डवेअर. साध्या पीसीत ते बऱ्याच उशिरा आलं. ते नसेल तर मेसेज पासिंगचं संरक्षण अर्धवटच.

---

मार्कंडेयकाठ

डीएमएचा मुद्दा पूर्ण मान्य. आयओएमएमयू नसलेल्या मशिनवर मीही असल्या संरक्षणाची हमी कुणाला देत नाही.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र माखवरून सगळ्या मायक्रोकर्नलना तोलू नये. योखेन लीड्टके यांनी १९९३ मध्ये मेसेजचा रस्ता प्रोसेसरला धरून अगदी मुळापासून लिहिला आणि त्याच हार्डवेअरवर माखच्या सुमारे २० पट वेग दाखवला. त्यांचं म्हणणं होतं की माखचा कर्नल फुगलेला होता, त्याचं ओझं प्रोसेसरच्या कॅशवर (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीवर) पडत होतं. छोट्या मेसेजसाठी डेटा रजिस्टरमधूनच पलीकडे दिला की मेमरीत कॉपी करावीच लागत नाही. त्यांच्या एल४ या कर्नलच्या घराण्यातल्या एसईएल४ चा सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड २००९ मध्ये गणिती पद्धतीनं तपासून सिद्ध केला गेला. कोट्यवधी ओळींच्या कर्नलबाबत तसं करायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करणार?

आणि कॉपी टाळायची तर कुंपण पाडूनही टाळता येते. १९८५ च्या अमिगा कॉम्प्युटरनं तेच केलं. तिथं प्रत्येक उपकरणाला विनंतीचा मेसेज जायचा, पण मेसेज म्हणजे फक्त मेमरीतला पत्ता, कारण सगळे प्रोग्राम एकाच मेमरीत नांदत होते. वेग अफाट. विनंती टाकून थांबायचं की आपलं काम करत राहायचं, मधेच विचारायचं, की सरळ रद्द करायचं, यासाठी वेगवेगळ्या हाका होत्या. रद्द करायची ती सोय आमच्या काट्यावर असती तर! पण संरक्षण शून्य. एकाचं चुकलं की सगळे पडायचे.

---

निपाणीकर

मी काटे बसवतो आणि दुरुस्त करतो. कर्नलमधलं मला कळत नाही, पण काट्यावर काय होतंय ते सांगतो, पोरांना उपयोग होईल.

आता पीसीला सीरियल पोर्ट येतच नाही, सगळीकडं यूएसबी कन्व्हर्टर लावायला लागतोय. त्याचे दोन त्रास. कन्व्हर्टर हलला, पुन्हा जोडला गेला, की लिनक्सवाल्या पीसीत त्याचं नाव बदलतंय. आधी शून्य नंबरचा पोर्ट होता तो एक नंबरचा होतो आणि प्रोग्राम जुन्याच नावाला धरून बसतो. त्याला इलाज म्हणजे डेव्ह फोल्डरातल्या सीरियलखाली बाय-आयडी म्हणून फोल्डर असतोय, तिथलं लांबलचक नाव वापरायचं. तेवढं बदलत नाही.

दुसरं, वजन स्क्रीनवर जरा मागं राहतंय. एका कन्व्हर्टर चिपचा लेटन्सी टायमर मुळातच १६ मिलिसेकंदांवर असतोय, थोडी अक्षरं असली तर ती साठवून एकदम पाठवती. काट्याला तेवढ्यानं फरक पडत नाही, पण मशिनला सवाल-जवाब करायचा असला की प्रत्येक जवाबाला ती १६ मिलिसेकंदं लागत्यात. टायमर कमी करता येतोय.

आणि गोठण्यावर लिनक्समध्ये साधा इलाज: पोर्टच्या सेटिंगमध्ये व्हीमिन शून्य आणि व्हीटाइम १० ठेवायचं. व्हीटाइमचं माप सेकंदाचा दहावा हिस्सा, म्हणजे एक सेकंद काही आलं नाही की रीड रिकाम्या हातानं परत येतंय. मग प्रोग्रामनं स्क्रीनवर लाल अक्षरांत लिहायचं, 'इंडिकेटर बोलत नाही.' जुनं वजन तसंच दाखवत बसायचं नाही. तिथं शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे.

---

टिळकवाडीची अक्का

निपाणीकर, शेवटचं वाक्य प्रत्येक मुलानं लिहून ठेवावं असं आहे.

मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते. ड्रायव्हर मेल्यावर काय, या प्रश्नाकडे चर्चा अजून वळली नाही, आणि मेसेज पासिंगचं खरं मोल मला तिथं दिसतं. टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही सिस्टिम १९८७ मध्ये शिकवण्यासाठी आली. २००५ मधल्या मिनिक्स ३ मध्ये ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर काढले आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी एक प्रोसेस नेमली, रीइन्कार्नेशन सर्व्हर. ड्रायव्हर कोसळला तर तिला कळतं. अडकून पडला तर ठरावीक वेळानं विचारलेल्या 'आहेस का?' ला उत्तर येत नाही, त्यावरूनही कळतं. मग ती त्याला संपवून नवा सुरू करते.

पण नवा ड्रायव्हर आला म्हणून सगळं पूर्ववत होत नाही, आणि वर्गात मी या भागावर सर्वांत जास्त वेळ देते. डिस्कचा ड्रायव्हर मेला तर फाइल सिस्टिम अर्धवट राहिलेली विनंती पुन्हा पाठवते. तोच ब्लॉक दोनदा वाचला किंवा तोच मजकूर त्याच जागी दोनदा लिहिला तरी बिघडत नाही, म्हणून वरच्या प्रोग्रामला काही कळतही नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मेला तर हरवलेली पाकिटं टीसीपी पुन्हा पाठवतो. पण की-बोर्डवरून आलेलं आणि ड्रायव्हरबरोबर गेलेलं अक्षर परत आणता येत नाही. प्रिंटरला अर्धी ओळ गेली असेल तर ती पुन्हा पाठवावी की नाही हे सिस्टिमला ठरवता येत नाही. तिथं चूक वरच्या प्रोग्रामला कळवायची आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा.

एक बारकावा मुलांना फार आवडतो. डिस्कचा ड्रायव्हर मेल्यावर त्याची नवी प्रत आणायची कुठून? ती डिस्कवर असेल तर आणणार कोण? म्हणून ती आधीच मेमरीतल्या रॅम डिस्कवर ठेवलेली असते.

---

मलप्रभेकाठी

अक्का, हे आमच्या कुठल्याच नोट्समध्ये नाही. आणखी एक विचारतो. दोघं जण एकमेकांना मेसेज पाठवून दोघंही उत्तराची वाट बघत बसले तर?

---

टिळकवाडीची अक्का

तर कायमचे बसतील. डेडलॉक. म्हणून क्यूएनएक्समध्ये शिस्त पाळतात: थांबायला लावणारा मेसेज नेहमी एकाच दिशेनं, प्रोग्रामकडून ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरकडून त्याच्याही पलीकडच्या सेवकाकडे. सेवकानं ग्राहकाला असा मेसेज कधी पाठवायचा नाही. काही कळवायचंच असेल तर पल्स, म्हणजे न थांबता टाकायची खूण. प्रोजेक्ट करताना आधी कागदावर बाण काढ. बाणांचा वेढा झाला तर रचना बदल. कोड लिहिल्यावर डेडलॉक शोधणं फार जिकिरीचं असतं.

---

अनगोळ ते बेंगळूर

अक्कांचा मुद्दा वाचून माझं म्हणणं थोडं सुधारून मांडतो. लिनक्समध्येही आम्ही उपकरणाशी मेसेजसारखंच बोलायला लागलोय, फक्त जागा वेगळी आहे.

निपाणीकरांचा यूएसबी कन्व्हर्टर घ्या. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असला तरी यूएसबीच्या थराला तो एक विनंतीचं पाकीट देतो, यूआरबी म्हणतात त्याला, आणि आपल्या कामाला लागतो. काम झालं की ड्रायव्हरच्या एका फंक्शनला हाक येते. विंडोज एनटीतही १९९३ पासून प्रत्येक विनंती आयआरपी नावाच्या पाकिटात ड्रायव्हरच्या उतरंडीतून खाली जाते. दोन्ही ठिकाणी पाकीट आहे, मधलं कुंपण मात्र नाही. म्हणून २०२४ चा प्रकार टळला नाही.

याहून बोलकं उदाहरण वेगवान डिस्कचं आहे. एनव्हीएमई डिस्कशी प्रोसेसर बोलतो तो मेमरीतल्या दोन रांगांमधून. एका रांगेत विनंत्या टाकायच्या, दुसरीतून उत्तरं उचलायची, आणि 'नवीन काम आहे' हे सांगायला डिस्कच्या एका रजिस्टरवर टकटक करायची, त्याला डोअरबेलच म्हणतात. विनंती ६४ बाइटची, उत्तर १६ बाइटचं. मग २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मध्ये आयओ-युरिंग आलं, प्रोग्राम आणि कर्नल यांच्यामधलं. त्यातही दोन रांगा, आणि विनंतीची नोंद ६४ बाइट, उत्तराची १६ बाइट! व्हर्च्युअल मशिनमधली व्हर्टिओ उपकरणंसुद्धा रांगांतूनच बोलतात.

मी वेगाच्या नावानं मेसेजला विरोध करत होतो, आणि सर्वांत वेगवान उपकरणांनी वेगासाठीच मेसेजच्या रांगा निवडल्या. फरक एवढाच की प्रत्येक मेसेजला थांबायचं नाही. पन्नास विनंत्या एकदम टाका, एकदाच टकटक करा, उत्तरं येतील तशी उचला. क्यूएनएक्सची पद्धत एकेका मेसेजला थांबून उत्तर घेण्याची. दोन्हींची प्रकृती वेगळी, कामंही वेगळी.

---

मार्कंडेयकाठ

हे फार चांगलं मांडलंत. मी एवढंच जोडतो की थांबून उत्तर घेण्यात एक मोठी सोय आहे: मेसेजचा मजकूर कुठं साठवायचा, रांग भरली तर काय करायचं, हे प्रश्नच उठत नाहीत. पाठवणारा थांबलाय, म्हणजे त्याचा मजकूर त्याच्याकडेच सुरक्षित आहे. न थांबता पाठवलं की रांग किती लांब हवी हे ठरवावं लागतं, आणि भरलेल्या रांगेचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

आमच्या उद्यमबागेतल्या जुन्या व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या) मशिनवर याचा धडा रोज बघायला मिळतो. डायच्या कामाचा प्रोग्राम मशिनच्या मेमरीत मावत नाही, म्हणून पीसीवरून सीरियल केबलनं तो थोडा थोडा पाजतात, ड्रिप फीड. मशिनचं बफर भरत आलं की ते एक अक्षर उलट पाठवतं, एक्सऑफ. पीसीनं तिथं थांबायचं. जागा झाली की एक्सऑन येतं. पीसीच्या बाजूनं एक्सऑफ मानायचं सेटिंग राहून गेलं तर बफर ओसंडतं आणि प्रोग्राममधली अक्षरं गळतात. मशिननं अलार्म देऊन थांबावं, पण गळालेलं अक्षर आकड्यातलं असलं तर टूल भलतीकडे जाऊन जॉब खराब होऊ शकतो. सोळा अक्षरांच्या रांगेपासून एनव्हीएमईपर्यंत सगळीकडे प्रश्न तोच: समोरचा भरलाय हे पाठवणाऱ्याला कसं कळणार?

---

मलप्रभेकाठी

मी आणि माझे दोन मित्र यावरच प्रोजेक्ट करायचं म्हणतोय. लिनक्सवर, पण मेसेजच्या पद्धतीनं. सीरियल पोर्ट एकाच छोट्या प्रोसेसच्या ताब्यात द्यायचा. स्क्रीनचा प्रोग्राम तिला युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशिनवरच्या प्रोसेसमधल्या जोडणीवरून) 'वजन दे' असा मेसेज पाठवील. ती मेली तर लिनक्सच्या सेवा सांभाळणारी सिस्टिमडी तिला पुन्हा उठवील. पावतीचा प्रिंटर दुसऱ्या प्रोसेसकडे. हे बरोबर वाटतं का?

---

मार्कंडेयकाठ

रचना चांगली आहे. तीन गोष्टी सांभाळ. प्रत्येक मेसेजला क्रमांक दे आणि उत्तरात तोच क्रमांक परत येऊ दे. नाहीतर आधीच्या विनंतीचं उशिरा आलेलं उत्तर तू नव्या विनंतीचं समजशील, म्हणजे मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या नावावर. उत्तरात वजनाबरोबर ते वाचल्याची वेळही पाठव, म्हणजे शिळं वजन स्क्रीनला ओळखता येईल. आणि पोर्टची प्रोसेस पुन्हा उठली की जुनं सॉकेट मेलेलं असतं. स्क्रीनच्या प्रोग्रामनं ती चूक पकडून नवीन जोडणी करायलाच हवी. क्यूएनएक्समध्येही ड्रायव्हर मारून पुन्हा चालू केला तर प्रोग्रामकडचं जुनं हँडल निकामी होतं, पोर्ट नव्यानं उघडावा लागतो. ही जबाबदारी कुठलीच सिस्टिम आपोआप उचलत नाही.

---

निपाणीकर

पोरा, एक जुना इंडिकेटर माझ्याकडं पडून आहे, चालू आहे. निरोप कर, देतो. लोडसेल (वजन ओळखणारा भाग) नसला तरी आकडे पाठवतोय, केबल काढून-घालून टेस्ट करता येईल.

पण प्रिंटरचं काय करणार तेवढं सांग. काट्यावर हेच भांडण होतंय. पावती अर्धी छापली आणि लाइट गेली. किंवा कागद अडकला. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो आणि एकाच गाडीच्या दोन पावत्या, दोन नंबर. मग हिशेबात घोळ आणि शेतकऱ्यावर संशय.

---

टिळकवाडीची अक्का

मी वर म्हटलं तेच इथं आलं. प्रिंटरचं 'मिळालं' हे उत्तर म्हणजे अक्षरं त्याच्या बफरमध्ये पोचली एवढंच. कागदावर उमटली की नाही हे ते उत्तर सांगत नाही. उत्तर आलं नाही याचाही अर्थ छापलं गेलं नाही असा होत नाही. तेव्हा 'नेमकं एकदाच छाप' अशी हमी प्रिंटरकडून मागूच नका. दोनदा छापलं गेलं तरी नुकसान होणार नाही अशी रचना करा.

---

मलप्रभेकाठी

म्हणजे पावतीचा नंबर प्रिंटरच्या बटणावर ठरायला नको. वजन पक्कं झालं की आधी डेटाबेसमध्ये नोंद, तिथंच नंबर. प्रिंटरच्या प्रोसेसला मेसेजमध्ये मी वजन पाठवणारच नाही, फक्त तो नंबर पाठवीन. बाकीचं ती डेटाबेसमधून वाचील. मेसेज दोनदा गेला तरी त्याच नंबरची, त्याच वजनाची पावती निघेल, आणि दुसऱ्यांदा छापताना वर 'दुय्यम प्रत' असं येईल. चालेल का निपाणीकर काका?

---

निपाणीकर

चालेल की. फक्त डेटाबेस त्याच पीसीवर ठेव, हंगामात यार्डातलं नेट कधी जाईल सांगता येत नाही. आणि दुय्यम प्रत कुणी, कधी काढली तेही नोंदव, शेतकरी विचारायला आला तर दाखवता आलं पाहिजे. इंडिकेटर घ्यायला ये, केबलची पिन जोडणी लिहून देतो.